सावडीची पाळी

पाटोदा, १२ मार्च १९७३

ती. मन्मथप्पामामांस रुद्रप्पाचा शि. सा. न. वि. वि.

दुष्काळात जनावरांच्या छावणीचा मॅनेजर झालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, खुर्ची मिळाली की आधी तिचे पाय हलवून बघावेत. मी आधी बसलो. विहिरीचे पाणी निम्म्यावर आले तसा जनावरे निम्मी करण्याचा सोसायटीचा ठराव झाला. मी घरटी एक बैल ठेवला, एक परत दिला. कागदावर कोणावरही अन्याय नाही. पण जोड्या फुटल्या आणि बैलांनी वैरणीला तोंड लावणे सोडले. दावणीला उभे राहून रस्त्याकडे बघत हंबरतात. आई रोज येऊन आपल्या बैलाला हाताने चारते आणि माझ्याकडे न बघता त्यालाच सांगते की तुझा मॅनेजर लई शिकलेला हाय, बाबा. आमचा शेतशेजारी शहादेव तेवढेही बोलत नाही. बैल टिकले नाहीत तर गाव पेरणार कशाने? आता काय करावे ते कळवा. मामींस नमस्कार. माया असावी.

आपला, रुद्रप्पा

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
सिरसाळा, १९ मार्च

चि. रुद्रप्पास मन्मथप्पाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक.

अरे, जोडा वाटायला बसलास आणि प्रत्येकाला एकेक चप्पल दिलीस की! इथल्या बाजारात मी गल्ल्यावर बसून ऐकतो. अडलेला माणूस दोन्ही बैल विकीन म्हणतो, एक विकीन म्हणत नाही.

दोन-दोन घरांची सावड लाव. एकाची जोडी छावणीत, दुसऱ्याची पाहुण्यांकडे, जिथे पाणी असेल तिथे. उरलेल्या जोडीवर दोघांनी पेरायचे. कोणती ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवू नकोस; देवच ठरवणार असेल तर मॅनेजर कशाला, असे लोक विचारतील. ताकदीची असेल ती ठेव. तुझ्या आईची जोडी तरणी, शहादेवची उतरलेली, हे मला इथून दिसते. आईची ठेवलीस तर लोक बोलतील, नाही ठेवलीस तर पेरणी अडेल. बोलणी खाण्याचाच तुला पगार आहे, पोटभर खा. माझ्या बहिणीला आशीर्वाद सांग. खुशाली धाडत जावी.

तुझा, मन्मथप्पा

पाटोदा, २ जुलै

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सावड लावली. शहादेवची जोडी त्याच्या सासऱ्याकडे गोदाकाठी गेली, आईची राहिली. व्हायची ती कुजबुज झाली. तेव्हा मी सगळ्यांना एक अट घातली, की ज्याची जोडी राहिली त्याचे रान शेवटी पेरायचे. आईला वाटले, हे दुसऱ्यांसाठी आहे.

पाऊस झाला, रानाला पेरणीजोगा वापसा आला. शहादेवचे रान आधी पेरले. आमची पाळी येईतो वरची ओल उडून गेली, बाजरी विरळ उगवली. आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि बैलांना सांगते की साहेबांना जेवायला बोलवा. अट चुकली असे मला वाटत नाही. बरे मात्र वाटत नाही. आशीर्वाद असू द्यावा.

आपला, रुद्रप्पा

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
सिरसाळा, ७ ऑगस्ट

चि. रुद्रप्पास अनेक आशीर्वाद.

पंचमीला तुझी आई नीलम्मा माहेरी येऊन गेली. तुझी निंदा सकाळ-संध्याकाळ चालू होती, त्यात कसूर नाही. पण एक ऐकलेले सांगतो. दुकानात आमच्या शेजारची महादेवी फार कळवळून म्हणाली की पोटच्या पोरानं आईलाच मागं ठेवावं, शोभतं का. मी गूळ जोखत होतो, कान मोकळे होते. नीलम्मा म्हणाली, मग तुझ्या लेकाला करायचं होतं का मॅनेजर? त्यानं आधी घरचं पेरलं असतं आन् गावानं तुमच्या दारात येऊन तोंडात शेण घातलं असतं! महादेवी गूळ न घेताच गेली. तुझ्यापायी माझे एक गिऱ्हाईक तुटले.

निघताना नीलम्माने पोळ्यासाठी वेसणी मागितल्या. मी दोन काढल्या. चार दे, म्हणाली. तिच्या दावणीला बैल दोनच. मी दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाला कशाला म्हणून विचारत नाही. तू मात्र शहादेवला पोळ्याच्या आत त्याची जोडी आणायला गोदाकाठी धाड.

विहिरी आटल्या, लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझा, मन्मथप्पा