सातपैकी सात

सर,

'तुम्हाला विचारल्याशिवाय मी आजही काही ठरवत नाही' असं पहिलं वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. तुम्ही असताना खोटं लिहिलेलं खपत नसे, आणि जाऊन अकरा वर्षं झाली म्हणून सवलत द्याल असं वाटत नाही. खरं म्हणजे मी आधी सगळं करून मोकळी होते आणि मग तुम्हाला सांगायला बसते. आज शनिवार, दुपारचे चार वाजलेत. ऑफिसात मी आणि एसी, दोघंच आहोत. आमच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नाहीत, त्या उघडण्यासाठी केलेल्याच नाहीत. खाली नाशकातला द्वारकेचा चौक गाड्यांनी तुंबलाय. इथून हॉर्न ऐकू येत नाहीत, फक्त रिक्षावाल्यांची तोंडं हलताना दिसतात. सहा वाजेपर्यंत मला पडद्यावरचं 'मान्य' हे बटण दाबायचंय. ते दाबलं की सोमवारपासून दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये मजूर बायकांची हजेरी माझ्या ॲपवर लागेल. किंवा लागणार नाही. त्याचंच सांगायचंय.

मी नक्की काय काम करते हे तुम्ही एकदाच विचारलं होतंत, तुमच्या स्वयंपाकघरात, काकू पोहे परतत होत्या तेव्हा. मी म्हटलं, प्रॉडक्ट डिझायनर आहे, फोनच्या पडद्यावर काय कुठे असावं ते ठरवते. तुम्ही म्हणालात, "म्हणजे ताटात मीठ कुठे नि चटणी कुठे, ते." काकू म्हणाल्या, "त्याला पगार देतात?" तुम्ही म्हणालात, "तुला दिला नाही म्हणून कुणालाच देऊ नये की काय?" आणि पुढची पाच मिनिटं पोहे फक्त मला मिळाले. ती व्याख्या अजून मला सापडलेल्या सगळ्या व्याख्यांपेक्षा बरी आहे. आमच्या वेबसाइटवर सध्या आम्हा डिझायनर मंडळींचं एक पान येतंय, कामाबद्दल आणि प्रेरणेबद्दल. एका मुलाने बुलेटच्या इंजिनाबद्दल लिहिलंय. एकीने जपानमधल्या रेल्वे स्टेशनांवरच्या पाट्यांबद्दल. ती जपानला गेलेली नाही, पण मीही वेदकाळात गेले नव्हते, तरी कॉलेजात संस्कृतची पाच वर्षं त्याबद्दल आत्मविश्वासाने पेपर लिहीत होते. माझाच रकाना रिकामा आहे. एचआरमधली मुलगी रोज येते. "मॅम, दोनच ओळी टाका ना. ते दिंडोरीचं टाका, सातपैकी सात! किती भारी आहे ते!"

ते सातपैकी सात काय आहे, ते सांगण्याआधी नववीतला तो तास सांगायला हवा. बी.एड.च्या एक शिकाऊ बाई आल्या होत्या. तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होतात, वही घेऊन, आणि तुमचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. बाईंनी एका श्लोकाचा अन्वय लावला आणि विचारलं, "समजलं का?" पन्नास मुलींनी एका सुरात "होऽऽ" म्हटलं, कारण तास संपायला चार मिनिटं होती. तुम्ही उठलात, मला उभं केलंत. "पुस्तक मीट. खडू घे. आता लाव." मी फळ्यापाशी उभी. घंटा झाली, वर्ग डबे उघडून बसला, मी उभीच. मग व्हरांड्यात तुम्ही बाईंना म्हणालात, "बाई, 'समजलं का' हा प्रश्नच नाही. ती विनंती आहे, 'हो' म्हणा अशी. मुली सभ्य आहेत, मान देतात." आणि माझ्याकडे वळून, "आणि तू गं, इतकी सभ्य होऊ नकोस. संसारात चालेल. अन्वयात नको." पुढे नोकरीत बंगलोरच्या एका तज्ज्ञाने नेमकं हेच दोन दिवस तक्ते लावून शिकवलं. त्याने प्रमाणपत्रही दिलं. तुम्ही दिलं नव्हतंत, म्हणून त्याचं भिंतीवर आहे.

तर दिंडोरी. द्राक्षं बाहेरदेशी पाठवणारी एक कंपनी आमची गिऱ्हाईक आहे. बागेत प्रत्येक टोळीमागे एक फोन. बाईने फोनसमोर उभं राहायचं, फोटो निघतो, मग खाली 'पुष्टी करा' असं बटण येतं. ते बाईने स्वतः दाबलं तरच तिचा दिवस धरला जातो, मुकादमाने दाबायचं नाही, ही त्या कंपनीची अट. 'पुष्टी' हा शब्द माझा. तुमच्या संस्कृतचं मी काय केलं ते असं आहे. बटण न दाबता पुढची बाई फोनसमोर आली, तर आधीचीचा दिवस गेला. हे बायकांना कळतंय का, ते तपासायला मी तिथे गेले होते. छाटणीचे दिवस, ऊन चढलेलं, सात बायका कात्र्या कमरेला खोचून माझ्यापुढे उभ्या. मी करून दाखवलं. मग त्यांच्या हातात फोन देऊन बाजूला व्हायचं असतं, तोंड मिटून बघत राहायचं असतं. मला हे माहीत आहे. मी दहा वर्षं ऑफिसातल्या नव्या पोरांना हेच शिकवतेय. आणि सर, मी विचारलं, "समजलं का?"

"समजलं ना मॅडम," त्यांच्यातली सगळ्यात मोठी म्हणाली, "लय सोपं हाय." बाकीच्या सहाजणींनी हसून माना डोलवल्या. मी लिहिलं, सातपैकी सात. गाडीत बसताना मागून तिचाच आवाज आला, मुकादमाला विचारत होती, "मंग माझी हजेरी लागली का रं?" मी काच वर केली.

चार दिवस ते 'का रं' कानात राहिलं. पाचव्या दिवशी पुन्हा गेले, एकटी, आणि या वेळी तुमच्यासारखी वागले. फोन तिच्या हातात दिला आणि गप्प बसले. तिने फोटो काढला, पडद्यावर स्वतःला पाहिलं, पदर नीट केला आणि फोन शेजारणीकडे दिला. शेजारणीने तेच केलं. सातहीजणींनी. त्या बटणाला कुणाचं बोटही लागलं नाही. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी समजलं म्हणालात ना?" ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांबून उन्हाच्या आलत्या. नाय कसं म्हणायचं तोंडावर?"

आमचे मॅनेजर माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत. फार नम्र. मला मॅम म्हणतात आणि मग नाही म्हणतात. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मॅम, पॉइंट बरोबर आहे. पण रिपोर्ट तुमचाच आहे ना?"

"हो."

"त्यावरच तर क्लायंटने होकार दिलाय. आता त्यांना काय सांगू, आमच्या सीनियर डिझायनरने प्रश्न चुकीचा विचारला? पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ. तुम्ही फक्त मान्य करा. परिस्थिती समजतेय ना तुम्हाला?"

"हो," मी म्हणाले.

नोकरी सोडावी असं तुम्ही म्हणाल. पन्नाशीच्या बाईला हे काम नाशकात दुसरं कुणी देणार नाही, आणि घरी सासरे अंथरुणावर आहेत, म्हणून पुण्याला जाता येत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या दिवशी बागेत यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. मला 'हो' हवं होतं, आणि ते मिळवायचा रस्ता मला तुम्हीच दाखवून ठेवला होतात.

सहाला दहा कमी असताना मी बटण दाबलं. सोमवारची रजाही टाकली, कारणात 'वैयक्तिक' लिहिलं. सकाळी सातला त्या बागेत जाऊन उभी राहीन, प्रत्येकीला म्हणेन, मावशी, अजून एकदा दाबा. टोळ्या चाळीस आहेत आणि मी एक. एका टोळीचे दिवस वाचतील. बाकीच्यांचं मला आठवड्याने आकड्यांत कळेल, आणि त्या आकड्यांचा तक्ताही मीच काढीन.

आता एक राहिलं, ते खरं तर पहिलं आहे. तुमच्या शेवटच्या वर्षी मी तुम्हाला फोन आणून दिला होता. मोठी अक्षरं, पडद्यावर एकच चौकोन, मी खास तुमच्यासाठी केलेला. दाबला की माझा फोटो येतो, आणि फोटोवर पुन्हा दाबलं की मला फोन लागतो. चुकून लागू नये म्हणून दोनदा. तुम्ही चष्मा सारखा करून फोनकडे बघत होतात. खाली रिक्षा थांबली होती. मी विचारलं, "सर, समजलं का?" तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "हो, हो. समजलं. जा तू, उशीर होईल."

तुमचा फोन कधी आला नाही. नंतर काकूंनी तो परत दिला तेव्हा म्हणाल्या, "रोज दुपारी घेऊन बसायचे. तुझा फोटो आला की म्हणायचे, लागला बघ. मग बराच वेळ कानाला लावून ठेवायचे. म्हणायचे, कामात असेल."

काकूंना मी म्हटलं, मला वाटलं सरांना समजलं असेल. ते खोटं होतं. तुम्हाला समजलेलं नाही हे मला जिना उतरतानाच माहीत होतं.