बिनदेवाच्या वस्तीतला भंडारा

दादा, तुम्ही रोज सकाळी जिथे बसायचात त्या दगडापुढे लोक आता नारळ फोडायला लागलेत. हे ऐकून तुम्ही ताडकन उठून बसाल, म्हणून आधीच सांगते, सुरुवात आमच्यापैकी कुणीही केलेली नाही. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी एका धनगराची चुकलेली मेंढी त्या दगडापाशी सापडली. त्याने तिथे एक फूल ठेवलं आणि पुढच्या माणसाने ते फूल बघून दुसरं ठेवलं. आता सोमवारी गेलं तर उदबत्तीचा वास येतो. ज्या माणसाने जन्मभर कुठल्या देवापुढे मान वाकवली नाही, त्याला खालच्या गावात महाराज म्हणतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इतकी हसले की ठसका लागला, आणि मग दिवसभर राग राग होत राहिला. आता जे झालंय ते मात्र ना हसण्यावारी नेता येत ना रागावर सोडता येत. मुलीने बापाला सांगायलाच हवं असं आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही तहसीलमधली नोकरी सोडून आईला आणि मला घेऊन लोहाऱ्यापुढच्या या माळावर आलात, तेव्हा मी कडेवर होते. तुमच्यासारखीच आणखी सात-आठ डोकी फिरलेली माणसं तुम्हाला मिळाली. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या मावशी, एसटीच्या वर्कशॉपमध्ये साहेबाशी भांडून आलेले काका, आणि येऊन-जाऊन असलेले बाकीचे. वस्तीला नाव ठेवायचं नाही असं तुमचं ठरलं होतं, मग गावानेच ठेवलं, बिनदेवाची वस्ती. कुणाच्या दाराला कडी नाही. सकाळी पाखरांची कुंडी भरल्याशिवाय आपला घडा भरायचा नाही. उभं झाड तोडायचं नाही. सूर्य उगवताना त्या सपाट काळ्या दगडाभोवती सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ऊन पायावर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, एवढीच आपली पूजा. निवडणुकीच्या दिवसांत जीपगाड्या माळावर चढत. तुम्ही उमेदवाराला ताक पाजायचात आणि म्हणायचात, "आमचं मत आमच्यापाशीच राहू द्या. जिथं हात मोजतात तिथं हरलेल्याला कुणी जेवू घालत नाही." तो बिचारा ताक पिऊन, मिशा पुसत, काही न कळून खाली उतरायचा.

आपल्याकडे हात मोजायचे नाहीतच. सगळ्यांनी हो म्हटलं तर हो. एकाने जरी नाही म्हटलं तर तिथेच थांबायचं, आणि त्या दिवशी चूल त्या नाही म्हणणाऱ्याची. त्याने सगळ्यांसाठी रांधायचं, स्वतःच्या हाताने वाढायचं, आणि ज्यांचं म्हणणं आपण अडवलं त्यांच्या पंगतीत शेवटी बसून जेवायचं. राग पोटात जाऊ नये म्हणून अन्न जायचं, असं आई म्हणायची. आई तुमच्या सगळ्या नियमांत बसायची, फक्त तिची कवड्यांची माळ पिठाच्या डब्यात असायची. तुळजापूरच्या मुलीला तुम्ही वस्तीवर आणलंत, तिच्यातून तुळजापूर काही काढू शकला नाहीत. स्वयंपाकाची पाळी तुमची असली की तुम्ही ती माळ अलगद बाहेर काढायचात, पीठ घ्यायचात आणि पुन्हा होती तशी आत ठेवायचात. दोघंही आयुष्यभर त्याबद्दल चकार शब्द बोलला नाहीत. मी चुलीच्या कोपऱ्यातून बघायची.

आणि शाळेचा तो दिवस. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. वस्तीतल्या मुलांनी गावच्या शाळेत जायचंच नाही, रांगेत उभं करून पोरांना गुलाम बनवतात, त्यांना माळ शिकवील, असं तुम्ही त्या सकाळी मांडता आहात. तुमचा आवाज चढलेला आहे, मावशी मान डोलावताहेत, काका म्हणताहेत, "व्हय, बराबर हाय." एकेकाचं हो येतं. मग तुम्ही सहज, गंमत म्हणून, माझ्याकडे बघता. मी म्हणते, "नाही. मला शाळेत जायचंय." कुणीतरी हसतं. तुम्ही हसत नाही. तुमचा चेहरा उतरलेला मला आजही दिसतो. पोटच्या पोरीने सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं होतं तुम्हाला. तुम्ही उठता, धोतर झटकता आणि म्हणता, "थांबलं. आज चूल तुमची, बाई." आई मध्ये पडायला लागली तेव्हा तुम्ही तिला हातानेच थांबवलंत. काठवटीतलं पीठ माझ्या कोपरापर्यंत गेलं होतं. भाकऱ्या काय, नकाशे होते ते, एका बाजूने करपलेले आणि दुसऱ्या बाजूने कच्चे. मी वाढत तुमच्यापर्यंत आले. तुम्ही माझ्या हातची ती भाकरी येसराच्या आमटीत कुस्करून खाल्लीत, ताट पुढे केलंत आणि म्हणालात, "अजून एक वाढा." दुसऱ्या दिवशी मला शाळेत सोडायला तुम्हीच आलात. फाटकाशी थांबलात, आत मात्र आला नाहीत. त्या शाळेने मला पुढे मास्तरीण केलं आणि लोहाऱ्यात घर दिलं, पण मला माणूस त्या भाकरीने केलं असं मी मानते. हे तुम्ही असताना एकदा तरी म्हणायला हवं होतं. आपल्या घरात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

आता मुद्द्याचं. माळावर पवनचक्क्या आल्यात. लांबून बऱ्या दिसतात, रात्रंदिवस फिरतात. कंपनीला पलीकडच्या टेकाडावर आणखी उभ्या करायच्या आहेत आणि त्यांची ती लांबलचक पाती नेणारे ट्रक जायला रस्ता हवा आहे. रस्ता आखलाय तो आपल्या मागच्या गायरानातून, म्हणजे तुम्ही लोकांनी डोक्यावर पाणी वाहून जगवलेल्या कडुलिंबांच्या आणि हिवरांच्या झाडांतून, दगडाला घासून. गायरान आपलं नाही, गावाचं. ग्रामसभेचा ठराव झाला की झाडांवर खुणा पडणार. वस्तीत आता पाचच माणसं उरलीत, मी रविवारी जाते ती धरून सहा. ग्रामसभेआधीच्या रविवारी दगडापाशी बसणं झालं आणि काकांनी विषय काढला. दगडाला शेंदूर लावू, वर चार पत्रे टाकू, देवस्थान म्हणून पाटी लावू. "बाई, आमी काय देव मानत न्हाय," काका म्हणाले. "पण शेंदूर लावल्याला दगुड कुणी हलवत न्हाय, येवढं आमाला कळतंय. देव झाल्यावर दादांचं काय बिघडतंय? झाडं तर ऱ्हातील." मावशींनी हो म्हटलं. बाकीच्यांनीही म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काकांचं खोटं नव्हतं, दादा. ती झाडं वाचवायला दुसरी कुठली ताकद आमच्याकडे नव्हती. पण त्या पत्र्याखाली शेंदूर फासलेले तुम्ही मला बघवेनात. झाडं राहतील, दादा राहणार नाहीत, असं म्हणून मी नाही म्हटलं. काका उठले, मान खाली घालून म्हणाले, "थांबलं. चूल तुमची." मी रांधलं. वाढताना मी दुसरी वाट मांडली, की आपण ग्रामसभेत जाऊ आणि तिथे नाही म्हणू. मावशींचा घास हातातच राहिला. "म्हंजी मताला हात वर करायचा?" त्या म्हणाल्या. "दादांनी जल्मात केलं न्हाय ते?" मी म्हटलं, दादांच्या तीन गोष्टी आहेत. देव नाही, मत नाही, झाड तोडायचं नाही. तिन्ही आता एकदम सांभाळता येत नाहीत, एक मोडावीच लागणार. शेवटी मावशी म्हणाल्या, "मताचं मोडा. देवाचं मोडलं तर त्येंना लई लागंल." तर मोडलं. तुम्हाला न विचारता मोडलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती, ज्या फाटकाशी तुम्ही थांबला होतात त्याच्या आत. मी पावसापाण्यावर, झाडांवर, पाखरांवर चांगली तयारी करून बोलले. माझेच जुने विद्यार्थी पुढे बसले होते, त्यांनी शाळेत ऐकायचे तसंच ऐकलं, म्हणजे जांभया देत. ग्रामसेवकाने ठराव वाचला आणि विरोधात कोण म्हणून विचारलं. आमचे सहा हात वर गेले, माझं नाव अजून इथल्याच यादीत आहे म्हणून माझाही. बाकी पटांगणातून एकही नाही. आणि मग काकांनी तो घोळ घातला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अशा सभेत आलेला माणूस, नाही म्हटलं की पुढे काय करायचं ते त्यांना एकच ठाऊक. ते उठून, हात जोडून म्हणाले, "आमी न्हाय म्हणालोय. तवा आज चूल आमची. समद्यांनी वर जेवायला या."

मग मागून एका बाईने विचारलं, "कशाचं जेवण ओ?" आणि दुसऱ्या कुणीतरी उत्तर देऊन टाकलं, "आगं, महाराजांचा भंडारा आसंल!" झालं. आज कसा जमेल, रविवारी ठेवा. भात आमच्याकडून. गव्हाची खीर आमच्याकडून. भाकऱ्या घरटी पाच. एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला आणि ग्रामसेवकाला म्हणाला, "भंडाऱ्याच्या जागंवरनं ट्रका नेताव व्हय? महाराजांच्या दगडाला धक्का लागता कामा न्हाय. रस्ता जुन्या गाडीवाटंनं न्या." मग हातच हात. मोजावे लागले नाहीत. माझी पाखरं, माझं पाऊसपाणी कुणाच्या लक्षातही नव्हतं. काका भांबावून माझ्याकडे बघत होते. सभेत एक माणूस असा होता ज्याने उठून सांगायला हवं होतं, की हा भंडारा नाही, ते महाराज नव्हते, त्यांना हे आवडलं नसतं. ती मी होते. मी खाली बघत बसले.

रविवारी अख्खं गाव वर आलं. दाराला कडी नसलेल्या घरांतून पोरं आत-बाहेर पळत होती, लिंबांच्या सावलीत पंगती बसल्या होत्या. येसराची आमटी मी केली, वाढलीही मीच. एवढी माणसं तुमच्या माळावर एकत्र जेवताना तुम्ही कधी बघितली नाहीत. मला सारखं वाटत होतं, तुम्ही कुठेतरी शेवटच्या पंगतीत बसला असाल, चेहरा उतरलेला. वाढत वाढत मी एका म्हातारीपाशी आले. तिने माझा हात धरला, मला निरखलं आणि म्हणाली, "तू महाराजांची लेक नव्हं? देवच व्हते गं ते." ही दुसरी वेळ होती, दादा. आजूबाजूचे सगळे ऐकत होते. तुम्ही शिकवलेला तो एक शब्द अगदी ओठांवर आला होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकणार तरी कुठे. आईची कवड्यांची माळ माझ्या पिठाच्या डब्यात असते, त्याच डब्याखाली ठेवून देईन. फक्त एवढं तुम्हाला सांगायचं होतं. मी म्हातारीला नाही म्हणाले नाही. तिच्या ताटाकडे बघून म्हटलं, "अजून एक वाढू?"