फाटकवालीचा ट्रेलर

बिंडी क्रीक,
रविवार, १९ एप्रिल

प्रिय रोरी,

कसा आहेस? नीट जेवतोस का, की खाणीच्या कॅन्टीनमधल्या सॉसेजवरच दिवस ढकलतोयस? इथे सगळं ठीक आहे. माझा गुडघा कुरकुरतो, कुत्रीला ऐकू येईनासं झालंय आणि पावसाचं अजून नाव नाही. झाली ख्यालीखुशाली.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. आणि तू फेकणार नाहीस, कारण ट्रेलर झाला की नाही हे कळल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही. तुझे लंगोट बदललेत मी, तुला पुरती ओळखून आहे.

तर झाला. उभा राहिला. काल दुपारभर त्याच्यावरून क्लबची रॉकेटं उडाली आणि शेवटी एक मोठं उडालं. त्या मोठ्याचं सांगते, पण क्रमानं सांगू दे.

हॅडनचं शेत विकलं गेलं आणि त्याच्याबरोबर आपला काँक्रीटचा ओटा आणि रॉकेटं सोडायचा खांबही गेला, त्यावरून झालेल्या क्लबच्या बैठकीला तू होतासच. कॉलीन टन्स्टल म्हणाली होती, माझं रान वापरा, पण दर वर्षी जे पडीक असेल ते. म्हणजे ओटा बांधून काही उपयोग नाही, खांबच चाकांवर हवा. नाहीतर क्लबला कुलूप. मी म्हटलं, मी करते. त्यावर तू हातात बिअर घेऊन सगळ्यांसमोर म्हणालास, ‘‘नेरिडा गुरांची फाटकं करते. माझं रॉकेट फाटकाला टांगायचं नाही.’’ सगळे खो खो हसले. मग मी म्हणाले, ‘‘तुझं रॉकेट उडायचंच नाहीये, ते शेडमध्येच म्हातारं होणार आहे.’’ तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात तू पार पश्चिमेला खाणीवर निघून गेलास आणि ते मला क्लबच्या विल्फकडून कळलं. सख्ख्या बहिणीला.

असो. मी जे बोलले ते मी मागे घेत नाही. ट्रेलरचं ऐक.

सांगाडा जुन्या गुरांच्या ट्रेलरचा घेतला. मीच केलेला, त्यामुळे जोडांबद्दल कोणाला विचारायला जावं लागलं नाही. वरचा पिंजरा कापून टाकला. मागच्या टोकाला चौकोनी पाइपचे दोन खुंट उभे केले, त्यांच्यामध्ये बिजागरी आणि बिजागरीवर खांब. खांब पुढे आडवा पाडला की गाडीच्या टपाला टेकेल एवढा लांब होत होता, पोलिसानं रस्त्यात अडवलं असतं, म्हणून वरचा तुकडा सुटा करून आत सरकणारा केला. उभा करायला बोटीच्या ट्रेलरचा विंच, हातानं फिरवून दोर गुंडाळला की खांब वर. जाळ अडवायला खाली रस्ता सपाट करायच्या यंत्राचं जुनं पातं बसवलं, तिरकं, म्हणजे ज्वाळा टायरांकडे न येता मागे मोकळ्या जमिनीवर जाते. बिजागरीची पिन माझ्या मनगटाएवढी आहे. विल्फ म्हणाला, ‘‘एवढी जाड कशाला गं?’’ मी म्हटलं, ‘‘तू रेल्वेत असताना रूळ बारीक ठेवायचास का?’’

विल्फनं सिग्नलची नोकरी सोडली, पण क्लबच्या सुरक्षाप्रमुखाची लाल टोपी काही सोडत नाही. दर शनिवारी यायचा, माझ्याच खुर्चीत बसून माझाच चहा प्यायचा आणि जोडावरून बोट फिरवत ‘‘हं’’ म्हणायचा. त्या ‘‘हं’’नं मला वीट आणला होता.

आता हसायचं असेल तर हस, कारण हे तुला कोणीतरी सांगणारच आहे, मग मीच सांगते. रॉकेटच्या अंगावरची दोन बटणं खांबावर ज्यात सरकतात ती खाचेची पट्टी मी उलट्या अंगाला जोडली. जन्मभर फाटकं केली ना मी. फाटकाचा अडसर नेहमी आतल्या बाजूला असतो, गुरांनी तोंडानं उघडू नये म्हणून. हात सवयीनं आतच गेला. वरपासून खालपर्यंत जोड मारला, इतका सरळ की त्याच्याकडे बघत मी सँडविच खाल्लं. मग खांब पुढे आडवा केला आणि खाच बरोबर खालच्या अंगाला गेली. विल्फ वाकून वाकून बघत म्हणाला, ‘‘नेरिडा, रॉकेट चढवायला मी ट्रेलरखाली झोपू का?’’ आणि चढवलं असतं तरी जाळ पात्यावर नाही, सांगाड्यावर पडला असता. सगळा जोड घासून काढावा लागला. माझ्या हातचा उत्तम जोड मीच ग्राइंडरनं उडवला. त्या दिवशी विल्फला चहा दिला नाही.

दुसरी भानगड चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची. गुरं ठेचकाळू नयेत म्हणून माझ्या ट्रेलरचे पाटे मऊ असतात, त्याचंच तर लोक कौतुक करतात. पण खांब उभा केला आणि जरा वारा आला की सगळं डुलायला लागलं. मी पाटे बदलले नाहीत. चार कोपऱ्यांना चार पाय लावले, जॅक फिरवला की ट्रेलर पायांवर उभा राहतो आणि चाकं जमिनीपासून सुटतात. हातानं फिरवलं तर चाक हवेत गरगरतं. मग मी खांबावर चढून लोंबकळले, या वयात, या गुडघ्यानं. हलला नाही. विल्फला म्हटलं, आता तू चढ. नाही चढला.

पण सही करायच्या वेळी म्हणतो, ‘‘लहान रॉकेटांना माझी परवानगी. मोठ्यांना नाही. एक खरोखर जड रॉकेट याच्यावरून सरळ जाताना मी डोळ्यांनी बघेन, तेव्हाच.’’ आणि मोठी रॉकेटं नसतील तर बाहेरगावचे लोक येणार नाहीत, ते आले नाहीत तर क्लबच्या विम्याच्या हप्त्याचे पैसे निघणार नाहीत आणि मग पुन्हा ते कुलूप आहेच. तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्याचं तेच तर दुखणं आहे, चुकीचं बोलत नाही.

आता एवढं जड रॉकेट या पंचक्रोशीत कोणाकडे आहे, ते तुला माहीत आहे. आणि ते कोणाच्या शेडमध्ये पडलंय तेही.

बस जरा. बसलास?

हो, एडना. मी तुझी एडना उडवली.

तुला फोन केला होता, एकदा नाही, बरेचदा. तू उचलला नाहीस. आणि उचलला असतास तरी नाही म्हणाला असतास, मग मला तुझा शब्द मोडून उडवावी लागली असती. हे त्यापेक्षा बरं झालं. रॉकेटला मोठी मोटर लावायचा परवाना माझ्याकडे तुझ्याही आधीपासून आहे, तेव्हा त्या बाबतीत तोंड उघडू नकोस.

तिच्यावरची चादर काढली तेव्हा वाटलं होतं, काहीतरी अर्धवट सापडेल. एखादी तार सुटी, एखादा स्क्रू राहिलेला. म्हणून तर तू ‘अजून तयार नाही’ म्हणत राहिलास ना? सगळं उघडून बघितलं. पंखांचे जोड बोटाला लागत नाहीत. आतली प्रत्येक तार बांधलेली, तिच्यावर तुझ्या बारीक अक्षरात चिठ्ठी. हवाई छत्रीच्या दोऱ्या अशा घडी घातलेल्या की आई असती तर तुला कपाट आवरायला बोलावलं असतं. रोरी, तिच्यात करायचं काही उरलंच नव्हतं. ती कधीची तयार होती. खांब कच्चा, ओटा कच्चा, बहीण कच्ची, ही सगळी निमित्तं होती. मी शेडमध्ये उभी राहून तुला दोन शिव्या घातल्या आणि मग बराच वेळ त्या पंखावरून हात फिरवत बसले. इतकं नीट काम माझ्याच्यानं होणार नाही. हे मी कागदावर लिहितेय, जपून ठेव.

विल्फनं विचारलं, ‘‘रोरीला सांगितलंयस?’’

‘‘पत्र लिहिणार आहे.’’

‘‘कधी?’’

‘‘उडाल्यावर.’’

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. ‘‘मी खांब तपासतो,’’ म्हणाला, ‘‘भावंडांची भांडणं तपासत नाही.’’

काल सगळे आले होते. कॉलीननं मेंढ्या पलीकडे हाकलल्या होत्या, गवत कापून पाण्याची टाकी उभी ठेवली होती, आणि तिचे ते भोपळ्याचे स्कोन्स होते, पहिल्या तासात संपले. टूवूम्बाच्या क्लबची माणसंही आली होती, हातांची घडी घालून. एडनाला आम्ही चौघांनी उचललं. खांब आडवा, खाच वरच्या अंगाला. दोन्ही बटणं लोण्यात सुरी जावी तशी सरकली. मग विंच मी एकटीनं फिरवला, कोणाला हात लावू दिला नाही. ती उभी राहिली तेव्हा पिवळीजर्द दिसत होती आणि टूवूम्बावाल्यांच्या हातांच्या घड्या सुटल्या. वारा असल्यामुळे विल्फनं दोनदा थांबवलं. खांब माणसांपासून थोडा पलीकडे कलवायला लावला. मग सगळ्यांना मागे हाकललं आणि उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. बटण मी दाबलं.

विल्फ म्हणतो, इतकं सरळ गेलेलं रॉकेट त्यानं आपल्या क्लबात बघितलेलं नाही. कॉलीन म्हणते, आवाज पोटात जाणवला आणि मग ती पिवळी रेघ ढगाला टोचली. साडेसात हजार फूट, तुझ्याच यंत्रानं सांगितलं. वर पोचल्यावर छत्री बाहेर फेकणारा बार उडाला, छत्री उघडली. टूवूम्बावाले माझ्याकडे ट्रेलरचे नकाशे मागायला आले. मी म्हटलं, नकाशे नाहीत, ऑर्डर द्या. विल्फनं तिथेच बॉनेटवर कागद ठेवून सही केली, मोठ्या रॉकेटांसकट. उड्डाणाच्या नोंदीत रॉकेट बांधणाऱ्याचं नाव रोरी क्विल्टी आणि खांब बांधणारीचं नेरिडा क्विल्टी, एकाखाली एक. मी तसं लिहायला लावलं. मला इतका अभिमान वाटला की बोलता येईना, आणि माझं बोलणं बंद झालं म्हणून विल्फ घाबरला.

पुढचं उड्डाण सप्टेंबरमध्ये आहे.

तुझी,
नेरिडा

सोमवार सकाळ

पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. काल दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. राहिल्या म्हणजे मी ठेवल्या.

एक. एडनाचा एक पंख तडकला. छत्री उघडली, ती सावकाश उतरली, पण उतरली ती नेमकी कॉलीनच्या दगडी कुंपणावर. दुसऱ्या कोणाची वस्तू असती तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करून मोकळी झाले असते, तुला माहीत आहे माझा हात किती शिवशिवतो ते. पण त्या पंखाला मी शिवलेसुद्धा नाही. तो जोड तुझा आहे. तुटलेला तुकडा वेचून फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवलाय. शिव्या घालायच्या असतील तर घाल, त्यासाठी का होईना फोन कर.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. विल्फ म्हणतो, कॉलीन म्हणते, असं मी वर लिहिलंय. तू वाचतानाच ओळखलं असशील, तू बारीक वाचतोस. रोरी, मी बघितलं नाही. बटण दाबलं, आणि सगळ्यांनी माना वर केल्या, तेव्हा मी बिजागरीकडे बघत होते. पिन हलते का, पाय खचतो का, जोड उघडतो का, एवढंच. काही हललं नाही. धूर निवळल्यावर मी मान वर केली तर आभाळात नुसती पांढरी रेघ होती. सगळ्यांनी तुझं रॉकेट बघितलं, मी माझंच काम बघत राहिले. परवा संध्याकाळपासून त्याचीच चुटपुट लागून राहिली आहे.

बिजागरीची आता मला काळजी नाही. तू येऊन पंख बसव, आणि बटण या वेळी तू दाब. मला एडनाला जाताना बघायचंय.

तुझी मोठी बहीण,
नेरिडा