पंचमीआधी मोडलेला हात

छावणी,
आषाढ शुद्ध तृतीया

ती. कडूबादादास,

धाकट्या सारजाचा एका हाताचा नमस्कार. डावा हात प्लास्टरात आहे, तो सुटला की राहिलेला अर्धा नमस्कार समक्ष येऊन करीन. तुझे गुडघे, वहिनीचा दमा आणि तांबडी गाय कशी आहे ते कळव. खंडोबाच्या कृपेनं इकडं सगळे खुशाल, पडले ती मी एकटीच.

झालं असं की मधल्या खोलीत तुळईला पाळण्याची कडी आहे ना (बद्रीनाथ त्याच कडीला निजला, त्याचा पोरगाही), तिच्यावर जळमटं धरली होती. मी स्टुलावर चढले, कडी धरली आणि कडीसकट खाली आले. हे पोथी अर्धी टाकून धावले, तेही पाप माझ्याच माथी. रिक्षानं घाटीच्या दवाखान्यात गेलो. (वाटेत मारुतीला हात जोडायला थांबलो, म्हणून रिक्षाचे पैसे मी देवधर्मात लिहिले.) तिथं सगळे पडलेलेच. कुणी पत्र्यावरून, कुणी बैलगाडीवरून, एक म्हातारा तर बसल्या खुर्चीवरून. एकमेकांची अशी विचारपूस चालली होती की लग्नघरी आल्यासारखं वाटलं.

मनगट टम्म सुजलेलं, बांगड्या काढणं भाग होतं. मी म्हटलं, मालक समोर बसलेत, हात भुंडा कसा ठेवू? नर्सबाई पैठणकडची, जाणती. तिनं आधी कोपराच्या वर पट्टीची चिंधी बांधली, मगच बांगड्या वाढवल्या. हे तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरीणबाई मात्र चौकस. म्हणाली, "आजी, स्टुलावरून पडलात, मग दोन्ही तळहात दोरानं सोलल्यासारखे कसे?" मी म्हटलं, विहिरीचं पाणी शेंदते. आमच्याकडं नळ आहे, हे ह्यांनी तिथं बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

दादा, माय असती तर एवढं रामायण झालं नसतं. आपल्या गावच्या लिंबाखाली मी किती वेळा पडले असेन. तू फांदीवर चढून दोर बांधायचास, मी आणि शेजारची आवडी उभ्यानं झोका चढवायचो, लेण्यांकडचा डोंगर खाली-वर व्हायचा. पडलं की माय पहिलं विचारायची, "दोर तर तुटला नाय ना गं?" मोटेचा दोर, तो परत लागायचा. मग एक धपाटा, मग आंबेहळद.

रस्त्यासाठी दिवाळीनंतर लिंब तोडणार म्हणून तू लिहिलंस, तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणजे त्याच्याखालची हीच शेवटची नागपंचमी. आणि बद्रीनाथ म्हणतो, "आई, यंदा गावाला जायचं नाय. घरात नीट उभं राहता येत नाय तुला." काळजीनंच बोलतो लेकरू. मीही व्हय म्हटलं.

वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी
सारजा

ता. क. तू स्वतः मुऱ्हाळी म्हणून ये. भाऊ माहेरी न्यायला दारात उभा राहिला तर बद्रीनाथची नाही म्हणायची छाती नाही. प्लास्टर पंचमीच्या आदल्या आठवड्यात सुटतं (मी पंचांग बघूनच विचारलं).

आणखी ता. क. वहिनीला वाचून दाखवू नकोस. जळमटं नव्हतीच. यंदा झोक्यासाठी नवा दोर घेतलाय. न पारखता माहेरी कसा आणायचा, म्हणून पाळण्याच्या कडीला बांधून उभ्यानं एकच झोका घेतला. दोन पिढ्या पेलल्या तिनं, मला पेलेल असं वाटलं. बद्रीनाथ यायच्या आत ह्यांनी दोर गुंडाळून देव्हाऱ्यामागं ठेवला. माय पहिलं विचारायची तेच तूही विचारशील, म्हणून कळवते: दोर तुटला नाही.