दुसरी कात्रीवाली

२३ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. हसू नकोस, काही मिनिटांनी का होईना, जुळ्यांतली मोठी मीच. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जेवण व्यवस्थित आहे. दुकानात कोटांची अस्तरं बदलून घ्यायला ही गर्दी! तुझा निळा कोट होत आला. नेहमीसारखा माझ्याच अंगावर घालून बघितला. तू जाड झाली असशील तर आत्ताच सांग, शिवणीत जागा ठेवलीय.

आता माझ्या तोंडाचं. परवा फोनवर "दातांच्या तारांचं काय?" विचारलंस आणि मी पावसाचं बोलायला लागले. तुझ्या लक्षात आलंच असणार.

अगं, काय सांगू तुला! डॉक्टरबाईंनी हाडांचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, सुरुवातीचा आणि आत्ताचा. माझे पुढे आलेले दात मागे सरकलेत. मुळांसकट! मी म्हटलं, "हाड म्हणजे काय लोणी आहे, दात सरकायला?" तर म्हणाल्या, "दात जिकडे ढकलू तिकडचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरतं." मी म्हटलं, "या वयात?" "हाड जिवंत असतं हो. जन्मभर." मी खुर्चीत आ वासून पडलेले, तिथे तसंही दुसरं काही करता येत नाही, पण खरंच अंगावर काटा आला. आपण पिकल्या केसांसाठी हळहळायचं आणि आत, कुणाला न सांगता, हाड नवं होतंय! घरी येताना दिसेल त्याच्या जबड्याकडे बघत होते. फळवाला म्हणाला, "काय हो बाई, काही चुकलं का माझं?"

तर प्रश्न असा होता की पुढे जायचं का. अजून वर्षभर वरच्या-खालच्या दातांना रबर लावायचे, मग खालचे दात टाळूला टोचायचे कायमचे थांबतील. ते टोचणं तुला काय सांगू, तुझंही तेच तोंड. आणि इथेच सोडलं, तर दात हळूहळू परत पुढे येणार, चेहरा होता तसा. "विचार करून सांगा," म्हणाल्या. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, तारा काढा.

का, ते लिहायच्या आधी उठून चहा करून आले. फोनवर तर हे बोलवलंच नसतं.

आईला हल्ली कोण कुठे असतं ते आठवत नाही. "धाकटी कधी येणार?" एवढंच विचारते. फोनवरचा तुझा आवाज तिला तुझा वाटत नाही. आधी मी खरं सांगायचे, लांब आहे, सुटी मिळत नाही. मग ती दिवसभर खिडकीतून हलायची नाही. एकदा मी बाजारातून आले, तर म्हणाली, "आलीस होय गं धाकटे!" आणि अशी काही हसली, की माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

तेव्हापासून तू अधूनमधून येतेस. मी मागच्या दाराने बाहेर पडते, तुझ्यासारखे केस मोकळे सोडते आणि पुढच्या दाराने येते. ती तुला बजावते, "मोठीला जरा हातभार लाव, एकटी राबते गं." मी हो म्हणते. तुला कळवलं नाही, कारण तुला तो टोमणा वाटला असता. थोडासा आहेही.

ओठ मिटून हसलं की तारा लपतात. पण चेहराच बदलायला लागला, त्याचं काय करू? डॉक्टरबाईंकडे जायच्या आदल्या दिवशी आरशात बघितलं, तर तू नव्हतीस. भीती वाटली गं. तुला आईकडून मीच कायमची हिरावून घेतेय, असं वाटलं. म्हणून म्हटलं, तारा काढा.

आणि मग काल. आई दुकानात समोर बसली होती. मी तुझ्या कोटाचं शेवटचं बटण लावत होते. कात्री कुठल्या चिंध्यांखाली गेली कोण जाणे. सहज दोरा दातांत धरला, आणि टक्कन तुटला! वरचा दात खालच्याला भेटला, आयुष्यात पहिल्यांदा! (डॉक्टरबाईंना कळलं तर माझं काही खरं नाही.) आठवतं ना, आई बोलता बोलता दोरा तोडायची आणि आपण दोघी तो नुसता चोखत बसायचो, शेवटी कात्री मागायचो? "माझ्या कात्रीवाल्या," म्हणायची.

आईने मान वर केली. "तू कोण गं?"

मी सुई कोटातच टोचून ठेवली.

"माझ्या पोरींना दाताने दोरा तुटत नाही," म्हणाली. उठून जवळ आली, अंगठ्याने माझा ओठ वर केला आणि कापडाचा पोत बघावा तसं दातांवरून बोट फिरवत राहिली. वरचे, खालचे, मधल्या तारा. तरुणपणीही आपल्याला हाका मारताना हमखास चुकायची बघ ती. आणि काल, काही आठवत नसताना, म्हणाली, "मोठे, कुणी गं केलं हे? पोटात असताना मला नाही जमलं." तिचे डोळे असे काही लकाकत होते, मला नव्याने जन्माला आलेली बघत असल्यासारखे.

मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत विचारलं, "आणि माझी दुसरी कात्रीवाली?"

मी मागच्या दाराने गेले नाही. मला जाताच आलं नाही.

आज सकाळी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं, रबर लावा. कोट पोस्टाने पाठवत नाहीये. तो इथे खुंटीला टांगलाय, बाह्यांची दुमड कच्चीच ठेवलीय. तुझ्या अंगावर बघूनच पक्की करेन. यापुढे तुझ्या वतीने मला येता येणार नाही. तूच ये.

आता फक्त स्वतःसारखी दिसणारी,
तुझी मोठी