सुमनचं खरं वय

३ डिसें., डोंबिवली
ठाण्याचे डॉ. स्पष्टच बोलले. सुमनच्या हृदयाची झडप बदलायची, महिन्याभरात. खर्च ऐकून ती मलाच धीर देत होती. सरकारी कार्डावर सगळं फुकट, पण ते सत्तरीनंतर. मी ७१, माझं कार्ड आहे. हिला आधारवर ६८. मी ठणठणीत.

७ डिसें.
ज्येष्ठ नागरिक संघात पालिका निवडणुकीचे दोन उमेदवार आले. एक म्हणे, कार्डाला सत्तरच बरोबर, तिजोरीलाही परवडलं पाहिजे. दुसरा म्हणे, आम्ही पासष्ट करायला लावू. नगरसेवकाच्या हातात यातलं काय असतं देव जाणे. टाळ्या मात्र मीही वाजवल्या. विचारलं, कधी? "काका, आधी निवडून तर येऊ द्या!" सगळे हसले. मला रडू येत होतं.
घरी सुमनला सांगितलं. ती नुसती मेथी निवडत राहिली.

८ डिसें.
सकाळी चहा ठेवत म्हणाली, "मी बहात्तरची आहे."
वाटलं, गोळ्यांनी भ्रम झाला. तसं नव्हतं. "तुमच्या आईंना मुलगी लहान हवी होती. माझ्या बाबांनी चार वर्षं कमी सांगितली. मग रेशनकार्डावर तेच, आधारवर तेच."
म्हणजे माझ्याहून वर्षाने मोठी! आणि मी दर भांडणात, तुझ्यापेक्षा तीन पावसाळे जास्त पाहिलेत म्हणून... ती ऐकून घ्यायची.
"बोलली का नाहीस?"
"आई होत्या तोवर भीती. नंतर लाज."
राग नाही आला. चहा मीच गाळला.

९ डिसें.
आंबिवलीला तिच्या भावाकडे गेलो. गावच्या शाळेच्या रजिस्टरात खरी तारीख असणार. उद्याच निघतो म्हणाला. "भावोजी, ताईचं वय आम्हा सगळ्यांना माहीत होतं हो."
सगळ्यांना. घरात पंचेचाळीस वर्षं राहून मला नाही.

१५ डिसें., ठाणे
भावाचा फोन. हेडमास्तर रजेवर, रजिस्टर कुलुपात. दाखला मिळाल्यावर आधार दुरुस्तीचे दिवस वेगळेच.
आज हिला फार दम लागला. ॲडमिट केलं. नर्सने वय विचारलं. मी काही बोलायच्या आत सुमनने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाली, "बहात्तर."
नर्सने आधार पाहिलं. "आजी, अडुसष्ट आहे तुमचं," म्हणाली आणि तेच लिहिलं.