कॅप्टनची खुशाली

२१ एप्रिल १९८५, रविवार

समोरच्यांकडे चोरी झाली. तांब्याचा बंब नेला — भर दुपारी! नाशिकच्या या इंदिरानगरात अजून निम्मे प्लॉट मोकळे, ओरडलं तरी ऐकायला कोणी नाही. मी शाळेत, हे ऑफिसात, मुलाच्या, निवृत्तीच्या, कारखान्यात पाळ्या. सून, चांगुणा, दिवसभर घरात एकटी. कुत्रा हवा, यावर आज प्रथमच सगळ्यांचं एकमत. कोणता, यावर मात्र जेवणं निवून गेली.

हे म्हणाले, "वणीला साळूअक्काच्या मळ्यात कुत्री व्यालीय. चार पिल्लं आहेत. आपल्या हवेतली, काटक." साळूअक्का म्हणजे यांची थोरली बहीण, त्यांच्याकडचं सगळंच यांना काटक वाटतं. निवृत्तीला पांढरा झुबकेदार पॉमेरेनियन हवा, त्याच्या साहेबांकडे आहे तसा. मी विचारलं, "तो चोराला काय करणार? गुदगुल्या?" चांगुणाला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी अल्सेशियन म्हटलं. शिकवलेला, शिस्तीचा. पिल्लू मोठं व्हायला वर्ष लागेल, आपल्याला राखण आज हवी आहे. हे हसले — "झालं! हेडबाईंचा हुकूम सुटला."

२६ एप्रिल, शुक्रवार

पेपर तपासणीच्या बैठकीसाठी देवळाली कॅम्पात गेले होते. बाजारातल्या बेकरीच्या काचेवर वहीचा कागद चिकटवलेला. "अलसेशीयन कुत्रा चांगल्या घरात द्यायचा आहे. पैशे नको." खाली क्वार्टर नंबर. शुद्धलेखनाच्या दोन चुका, पण अक्षर नेटकं. लगेच जाऊन आले. कुत्रा उत्तम. ठरवून टाकलं.

घरी सांगितल्यावर हे एवढंच म्हणाले, "ठरवून आलात?"

५ मे, रविवार

कुत्रा आला. लष्करातले हवालदार मल्हारी यांची झाशीला बदली. तिथे क्वार्टर मिळेपर्यंत दुसऱ्यांच्या एका खोलीत राहायचं, कुत्रा नेणार कसा? नाव कॅप्टन. हवालदाराच्या घरात कॅप्टन! निवृत्ती म्हणाला, "मग सॅल्यूट कोण कोणाला करतं?" हवालदारही हसले.

त्यांची बायको लंकाबाई सिन्नरकडची. "लय गुणाचा हाय, बाई. पण ताट ठिवलं म्हून खानार नाय. 'शाबाश, लो' म्हनायचं, मंगच तोंड लावतो." मी मान हलवली. हे लाड मला पसंत नाहीत.

मुलगी वैजू, नऊ वर्षांची. चिठ्ठी तिनेच लिहिली होती. रडली नाही. चार्ज द्यावा तशी साखळी माझ्या हातात दिली. "बाई, त्याची खुशाली कळवाल?" म्हटलं, "मी हेडबाई आहे. कळवीन म्हटलं म्हणजे कळवीन."

७ मे, मंगळवार

खात नाही. फाटकाकडे तोंड करून बसतो. चांगुणा म्हणाली, "आई, ते काय म्हणायचं होतं, ते म्हणून बघू का?" मी सांगितलं, या घरात कुत्र्यापुढे कवायत होणार नाही. भूक लागली की खाईल. हट्टी मुलींचे डबे असेच रिकामे करून घेतलेत मी.

१० मे, शुक्रवार

अजून नाही. पाणी तेवढं पितो. भुंकत नाही, नुसता कण्हतो — लहान मूल तापात कण्हतं तसा. एक मिनिट थांबत नाही. शेजारचे खंडेराव कुंपणावरून म्हणाले, "हेडबाई, याच्यापेक्षा चोर बरे हो! ते निदान गुपचूप येतात." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

हवालदारांचं बिऱ्हाड परवाच झाशीला गेलं. परत द्यायला आता कोणी नाही. यांनी वणीच्या पिल्लांचं नाव काढलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं!

११ मे, शनिवार

इथे तरी खरं लिहिते.

पहाटे पाचला दूध घ्यायला उठले. तो माझ्याकडे बघत होता. बरगड्या मोजता येत होत्या. मी साखळीचा आकडा काढला आणि फाटक उघडलं. तो लगेच गेला नाही. एकदा माझ्याकडे वळून पाहिलं — विचारून जावं तसं. मी "जा" म्हटलं. मग गेला.

साडेसहाला मीच आरडाओरडा केला. आकडा निसटला म्हटलं. सगळ्यांना पटलं. मी सांगते ते या घरात सगळ्यांना पटतं.

हे सायकल काढून निघाले. पाथर्डी फाटा, मुंबई नाका, पार द्वारका चौकापर्यंत. वैशाखाचं ऊन. दोनला परतले, शर्टाला मीठ फुटलेलं. "पाणी पितो आणि पुन्हा जातो," म्हणाले.

कशासाठी केलं? त्याची दया आली म्हणून नाही. तसं असतं तर लिहायला काय हरकत होती? माझं चुकलं, एवढं चार माणसांत म्हणायचं नव्हतं.

१२ मे, रविवार

हे म्हणाले, कॅम्पात बघायला हवं, जनावर जुन्या घरी जातं. मी घाईने म्हटलं, "मी जाते, मला क्वार्टर माहीत आहे."

गेले नाही. सापडला तर परत आणावा लागेल! नाशिकरोडच्या स्टँडवर दीड तास बसले, एक लिंबूसरबत घेतलं, परत आले. सांगितलं — क्वार्टरला कुलूप, कुत्रा नाही. हे म्हणाले, "उन्हात दमलात." आणि स्वतः चहा करून दिला.

१३ मे, सोमवार

कालचा चहा यांची पाठ वळताच मोरीत ओतला होता. आज कॅप्टनचं ताट घासून फडताळात ठेवलं.

२४ मे, शुक्रवार

वैजूचं पत्र. "कॅप्टन रमला का? बाई, एक आठवण करते. 'शाबाश, लो' म्हटल्याशिवाय तो मरेल पण खाणार नाही. बाबांनी तसंच शिकवलं आहे, कोणी विष घालू नये म्हणून."

म्हणजे तो हट्ट करत नव्हता. सहा दिवस भरल्या ताटापुढे बसून माझ्या दोन शब्दांची वाट बघत होता. शिस्तीचा कुत्रा हवा होता ना मला? होता तो शिस्तीचा. मला ओळखता आला नाही. पस्तीस वर्षं शिकवते आहे!

२ जून, रविवार

उत्तर लिहिलं. "कॅप्टन मजेत आहे. दूध-भाकरी आवडीने खातो." अक्षर नेहमीसारखं, वळणदार.

१८ जून, मंगळवार

सातवीतल्या एका मुलीने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकली. माझ्यापुढे उभी केली. ठरलेलं वाक्य तोंडावर आलं — 'खोटं बोलायला लाज वाटत नाही?' बोलवेना. "जा वर्गात," म्हटलं. वर्गबाई बघतच राहिल्या.

३० जून, रविवार

वैजूला आणखी एक पत्र टाकलं. खुशाली.

७ जुलै, रविवार

साळूअक्का स्वतः आल्या. एकच पिल्लू उरलंय, कपाळावर पांढरा ठिपका. "आता नेतायसा का देऊ कुनाला? का तुमच्या त्या सायबी कुत्र्यावानी पळून जानार हे बी?" आणि खो खो हसल्या.

चांगुणा पहिल्यांदाच पुढे होऊन म्हणाली, "आई, आणू या ना. दुपारी फार एकटं वाटतं हो."

मी नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. हे उठून बाहेर गेले, मागोमाग मी. पायरीवर म्हणाले, "अहो, एक पळालं म्हणून पोरीला दुसरं द्यायचं नाही? तुम्ही इतक्या कठोर नव्हता." तेव्हाच सांगायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. मी म्हटलं, "सांडगे वाळत आहेत, काढते." आकाश भरून आलं होतं. सांडगे नव्हतेच.

२१ जुलै, रविवार

लंकाबाईंचं कार्ड, स्वतःच्या हातचं. चारच ओळी. "बाई, पत्रं मिळाली. कॅप्टनची काळजी करू नका. तुम्हाला शाळेची कामं असतात. आता कळवायची तसदी घेऊ नये."

चांगली माणसं! माझ्या वेळेची काळजी करतात. सुटले, असं वाटायला हवं होतं.

४ ऑगस्ट, रविवार

तरी लिहिलं. या वेळी पूर्ण पानभर. तो दारात बसतो, चांगुणाच्या मागे मागे फिरतो, पावसात भिजून आला की मी त्याचं अंग जुन्या लुगड्याने पुसते. "शाबाश, लो" मीच म्हणते, असंही लिहिलं. कोणी मागितलं नव्हतं हे! लिहिताना मात्र तो खरोखर खात होता. पान संपलं तेव्हा वाईट वाटलं.

यांना सांगायचं. येत्या रविवारी नक्की. मग वणीचं पिल्लू, अजून असेल तर.

११ ऑगस्ट, रविवार

सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

वैजूचं पत्र. तिच्याच शब्दांत उतरवून ठेवते.

"बाई, आईला न सांगता लिहिते आहे. कॅप्टन जूनपासून आमच्याकडेच आहे. मे महिन्यात तो आमच्या जुन्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसला होता. शेजारच्या काकूंनी ओळखला, आणि बाबांच्या युनिटमधल्या काकांनी त्याला रेल्वेतून इथे आणला. फार वाळला होता, आता बरा आहे. आई म्हणाली, बाईंना कळवू नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल. पण तुमच्या पत्रात तो तुमच्याकडे दूध-भाकरी खातो. तुम्ही हेडबाई आहात, तुम्ही खोटं लिहिणार नाही. मग बाई, तुमच्याकडे आहे तो कुत्रा कोणता?"